बांधलेला डीकोडर, मोकळा एन्कोडर

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एखादी व्हॉइस नोट फोनमधून बाहेर काढून पाहा. फाइलच्या नावापुढे बहुतेक वेळा 'ओपस' असं लागलेलं दिसेल. मावशीचं "पोचलास का रे?", सोसायटीच्या सेक्रेटरींची पाणी न येण्याची सूचना, गाण्याच्या क्लासच्या ताईंनी पाठवलेली बंदिश, सगळं ओपसमधून येतं-जातं. आवाज दाबून लहान करून पाठवायच्या या ओपस फॉरमॅटसाठी कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत, परवानगी मागावी लागत नाही. तो कसा उलगडायचा हे शेवटच्या बिटपर्यंत लिहून जाहीर केलेलं आहे. कोथरूडमधल्या एखाद्या कॉलेजकुमारीनं ते वाचून स्वतःचा डीकोडर लिहायला घेतला, तर तिला अडवणारं कुणी नाही.

मी ऑडिओ-व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नोकरीत हार्डवेअर प्लेअरसाठी डीकोडर बसवतो आणि संध्याकाळी उरलेल्या वेळात खुल्या फॉरमॅटच्या लायब्ररींचे बग तपासतो, चाचण्या लिहितो. या कामाबद्दल मला मनापासून काही सांगायचंय, कारण ते कुणाला दिसत नाही आणि त्यावर आपण रोज विसंबून असतो.

बिटस्ट्रीम म्हणजे शून्य-एकाची सलग ओळ. या ओळीतला कितवा बिट कशाबद्दल बोलतो, हा करार म्हणजे फॉरमॅट. करार दोघांत असतो: आवाज दाबून लहान करणारा एन्कोडर आणि तो पुन्हा उलगडणारा डीकोडर. या दोघांपैकी बांधायचं कुणाला आणि मोकळं कुणाला सोडायचं, यावर फॉरमॅटचं सगळं आयुष्य ठरतं.

१९९८ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं एमपीथ्रीचे एन्कोडर लिहिणाऱ्या लहान प्रकल्पांना पत्रं पाठवली. पेटंट आमचं आहे, परवान्याचे पैसे भरा, असा त्यांचा आशय होता. कायद्यानं ते बरोबरच होतं. पण तोवर एमपीथ्री जगभर पसरली होती आणि ती वापरणाऱ्या कितीतरी जणांना आपण कुणाचे देणेकरी आहोत याची कल्पनाही नव्हती. अमेरिकेतला ख्रिस माँटगोमेरी तेव्हा ऑग नावाच्या प्रकल्पावर काम करत होता. या पत्रांनंतर पेटंटमुक्त फॉरमॅटचं काम जोरात सुरू झालं आणि त्यातून व्हॉर्बिस आला. मे २००० मध्ये त्याची बिटस्ट्रीम गोठवली गेली. १.० आवृत्ती जाहीर व्हायला मात्र जुलै २००२ उजाडला.

ही 'गोठवली' म्हणण्याची घटका या कामातली सगळ्यात अवघड. त्या दिवसापासून डीकोडरला बांधून टाकायचं. आज तयार झालेली फाइल वीस वर्षांनी लिहिलेल्या डीकोडरनं उलगडली पाहिजे आणि आजच्या डीकोडरनं वीस वर्षांनंतरची फाइल वाजवली पाहिजे. मग नवी कल्पना सुचली तर काय? कितीही चांगली असली तरी डीकोडरला हात लावायचा नाही. जे काही करायचं ते एन्कोडरमध्ये. म्हणूनच गोठवण्याआधीच एन्कोडरला हातपाय पसरायला भरपूर जागा करून ठेवावी लागते. ही जागा किती आणि कुठे ठेवायची, हे ज्याला कळलं त्याला फॉरमॅट रचता आला, असं मी मानतो.

व्हॉर्बिसनं ही जागा फारच उदारपणे ठेवली. आकडे बिटांत कसे बदलायचे, याची कोष्टकं एमपीथ्रीसारख्या फॉरमॅटमध्ये डीकोडरच्या पोटात कायमची कोरलेली असतात. व्हॉर्बिसमध्ये ती फाइलच्या सुरुवातीलाच, हेडर नावाच्या माहितीच्या तुकड्यांपैकी तिसऱ्यात, फाइलबरोबर येतात. म्हणजे एन्कोडर लिहिणाऱ्याला कोष्टकंही नव्यानं आखता येतात. याचा फायदा लगेच दिसला. जपानमधल्या एका हौशी माणसानं स्वतःच्या कानांच्या भरवशावर एन्कोडर सुधारत नेला आणि त्याच्या सुधारणा २००४ साली मूळ लायब्ररीच्या १.१ आवृत्तीत घेतल्या गेल्या. जगातल्या एकाही प्लेअरला त्यासाठी अपडेट लागला नाही. कालपर्यंतचेच प्लेअर दुसऱ्या दिवशीच्या फाइली जास्त चांगल्या वाजवू लागले. याची किंमतही आहे. हेडर काही किलोबाइटचं होतं आणि ते हातात असल्याशिवाय मधूनच कुठूनतरी ऐकायला सुरुवात करता येत नाही. फोनवरच्या बोलण्याला हे परवडणारं नव्हतं.

एन्कोडरला मोकळीक दिली म्हणजे नक्की काय मिळतं, हे कानांनी ऐकायचं असेल तर चिपळ्या घ्या. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगातून उत्तररंगात येतात, चाल चढते आणि चिपळ्यांचा कडकडाट सुरू होतो. एकेक ठोका मिलिसेकंदात उमटतो. आता एन्कोडर काय करतो? आवाजाचे ब्लॉक पाडतो, प्रत्येक ब्लॉकचं वेगवेगळ्या कंपनसंख्यांत रूपांतर करतो आणि कानाला कमी जाणवेल तिथे अचूकता सोडून देतो. व्हॉर्बिसचा लांब ब्लॉक साधारणपणे २०४८ सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या क्षणाक्षणाच्या तेवढ्या मोजमापांचा असतो. सीडीच्या वेगानं ते होतात सुमारे ४६ मिलिसेकंद. सोडून दिलेल्या अचूकतेचा खरखरीत अवशेष मग या पूर्ण ४६ मिलिसेकंदांवर पसरतो, ठोका पडण्याच्या आधीच्या शांततेवरसुद्धा. ठोक्याआधीची अशी खरखर कान फार तर काही मिलिसेकंदच झाकून घेऊ शकतो. उरलेली ऐकू येते. चिपळी वाजायच्या आधीच कुणीतरी कागद चुरगळल्यासारखा 'फस्स' असा आवाज येतो आणि ठोक्याची धार जाते. यालाच प्री-एको म्हणतात. तबल्याच्या 'ना'वर आणि टाळांवरही तो हटकून सापडतो.

उपाय म्हणजे ठोक्याच्या आसपास आखूड ब्लॉक वापरायचा. २५६ सॅम्पलचा, म्हणजे जेमतेम सहा मिलिसेकंदांचा. हा आखूड ब्लॉक नेमका कधी घ्यायचा, हे स्पेसिफिकेशन, म्हणजे फॉरमॅटचं लेखी वर्णन, सांगत नाही. फाइलमधल्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे पॅकेटच्या, सुरुवातीला 'हा लांब' किंवा 'हा आखूड' एवढीच खूण असते आणि डीकोडर ती मुकाट्यानं पाळतो. ठोका येतोय हे ओळखणं एन्कोडरचं काम. पहिल्या एन्कोडरनं ते ढोबळपणे ओळखलं असेल, दहाव्या वर्षीचा अधिक चांगलं ओळखेल. तानपुऱ्याचं बरोबर उलटं. तिथे जवारीचे स्वर एकमेकांना लगटून उभे असतात, ते वेगळे ठेवायचे तर ब्लॉक लांबच हवा. मागे तानपुरा आणि पुढे तबला, अशी आपल्याकडची साधी मैफलसुद्धा एन्कोडरची दोन्हीकडून परीक्षा पाहते.

ओपसनं व्हॉर्बिसच्या बरोबर उलटी वाट धरली. स्काइपकडचा सिल्क आणि खुले फॉरमॅट बनवणाऱ्या झिफ संस्थेतला सेल्ट, अशा दोन कोडेकचा (कोडेक म्हणजे एन्कोडर-डीकोडरची जोडी) संगम करून जाँ-मार्क वालाँ, कोएन व्हॉस आणि टिमथी टेरीबेरी यांनी तो आकाराला आणला. सप्टेंबर २०१२ मध्ये तो आरएफसी ६७१६ म्हणून मानक झाला. आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानकं ज्यात जाहीर होतात ते क्रमांकित दस्तऐवज. इथे हेडरशिवाय काम चालतं. प्रत्येक पॅकेटचा पहिला बाइटच सगळं सांगून टाकतो. त्यातले पाच बिट म्हणजे ३२ पर्यायांपैकी एक: बोलण्याची पद्धत की संगीताची, बँडविड्थ (कंपनसंख्यांचा पट्टा) किती, फ्रेम (आवाजाचा एकेक तुकडा) किती मिलिसेकंदांची. पुढचा एक बिट मोनो की स्टिरिओ. उरलेले दोन, पॅकेटमध्ये फ्रेम किती. आठ बिटांत संसार मांडलाय. तुम्ही लक्ष्मी रोडच्या गर्दीत असताना नेटवर्क सुटलं आणि पुन्हा आलं, तर पुढच्या कुठल्याही पॅकेटपासून बोलणं सुरू होऊ शकतं, ते यामुळे.

आरएफसी ६७१६ मधलं एक वाक्य मला फार आवडतं. पॅकेटचा आकार वाढवण्यासाठी शेवटी नुसते भरतीचे बाइट जोडायची सोय ओपसमध्ये आहे. त्याबद्दल नियम असा: एन्कोडरनं हे बाइट शून्यच ठेवले पाहिजेत, डीकोडरनं मात्र तिथे काहीही असलं तरी स्वीकारलं पाहिजे. घाईनं वाचताना नजरेतून निसटेल असं हे वाक्य आहे. २०२४ च्या मार्चमध्ये ओपसची १.५ आवृत्ती आली. हरवलेल्या पॅकेटमधलं बोलणं पुन्हा उभं करता यावं म्हणून, न्यूरल नेटवर्कनं अतिशय लहान केलेली मागच्या बोलण्याची एक प्रत प्रत्येक पॅकेटबरोबर पाठवायची कल्पना तिच्यात होती. ही प्रत ठेवायची कुठे? भरतीच्या बाइटांत. नवा डीकोडर ती वाचतो, बारा वर्षांपूर्वीचा जुना डीकोडर तिकडे बघतही नाही आणि दोघंही बोलणं वाजवतात. शाळेचा गणवेश शिवताना शिंपी शिवणीत माया सोडतो, तसं २०१२ साली कुणीतरी त्या एका वाक्यात सोडून ठेवलं होतं.

आवाज जसाच्या तसा जपणाऱ्या फ्लॅक या खुल्या फॉरमॅटमध्येही असंच झालं. फ्रेमच्या हेडरमध्ये सुरुवातीपासून काही बिट राखीव होते, 'इथे शून्य लिहा' एवढंच त्यांच्याबद्दल सांगितलेलं. २००७ मध्ये १.२ आवृत्तीत त्यातला एक बिट कामाला लावला गेला. ब्लॉकचा आकार सगळीकडे एकच आहे की बदलता, हे तो सांगतो. मात्र राखीव जागा नुसती ठेवून भागत नाही. वर्षानुवर्षं तिथे शून्यच दिसत राहिलं की डीकोडर लिहिणारे ते बिट तपासायचेच सोडून देतात, किंवा 'शून्य नसेल तर फाइल बिघडलेली' असं धरून चालतात. मग तो बिट वापरायच्या दिवशी निम्मे प्लेअर अडखळतात. म्हणून राखीव बिट एक केलेल्या फाइली चाचणीसाठी मुद्दाम बनवून डीकोडरला चारत राहावं लागतं. माझ्या संध्याकाळच्या कामातला मोठा भाग हाच असतो.

आमच्या शेजारच्या काकांना कीर्तनाचा फार नाद. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरापासून ते आळंदीपर्यंत जिथे जात तिथे ते लहानसा डिजिटल रेकॉर्डर घेऊन जात. त्यातल्या कितीतरी बुवांचं आता दुसरं कुठलंच ध्वनिमुद्रण नाही. त्या रेकॉर्डरच्या फाइली कंपनीच्या स्वतःच्या, बंद फॉरमॅटमध्ये होत्या. कंपनीनं रेकॉर्डर बनवणं थांबवलं, वाजवणारं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना. काकांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला.

"अरे, फाइली उडाल्या का रे?"

"नाही काका, सगळ्या जशाच्या तशा आहेत. पण उलगडायच्या कशा, हे कंपनीनं कुठं लिहूनच ठेवलेलं नाही."

"मग ज्यांनी मशीन विकलं त्यांनाच विचार की."

विचारलं होतं. उत्तर आलं नाही. शेवटी जुन्या बाजारातून विंडोज एक्सपीचा एक डबडा संगणक मिळवला, काकांच्या कपाटात सापडलेल्या सीडीवरून सॉफ्टवेअर चढवलं आणि एकेक कीर्तन पूर्ण वाजवत दुसऱ्या यंत्रावर पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. अडीच तासांच्या कीर्तनाला अडीच तास. काही फाइली त्यातही उघडल्या नाहीत. बिट जागेवर आहेत, एकही हरवलेला नाही, आणि तरी तो आवाज गेला. मला याचा राग येतो, अजूनही. आपल्या माणसांचा आवाज कुणाच्यातरी व्यापारी हिशेबात असा अडकता कामा नये.

मिळालेलं सगळं आम्ही फ्लॅकमध्ये ठेवलं. फ्लॅक काहीच सोडून देत नाही. मागच्या सॅम्पलांवरून पुढच्या सॅम्पलचा अंदाज बांधतो आणि अंदाज जितका चुकला तेवढीच चूक लिहून ठेवतो. ती लिहायची रीत रॉबर्ट राइस यांची. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत अंतराळयानांकडून येणाऱ्या माहितीसाठी त्यांनी ती काढली होती. काकांना यातली एकच गोष्ट भावली. फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा असतो, १२८ बिटांचा. फाइल कधीही उलगडून ठसा पुन्हा काढायचा, तो जुळला तर मूळ ध्वनिमुद्रणातला कणही हललेला नाही. काका आता दर दिवाळीच्या साफसफाईत हार्ड डिस्क जोडून ही तपासणी स्वतः चालवतात आणि मला फोन करून कळवतात.

फ्लॅकची १.० आवृत्ती जोश कोलसन यांनी जुलै २००१ मध्ये काढली. सोर्स कोड पहिल्यापासून खुला, फॉरमॅटचं वर्णनही वेबसाइटवर होतं. तरी आरएफसी ९६३९ या क्रमांकानं त्याचं रीतसर मानक व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. ऑफिसातली नवी मुलं मला विचारतात, सर, कोड खुला आहे, मग एवढा मोठा दस्तऐवज कशाला लिहायचा? मी त्यांना अंदाजातल्या चुकीचं उदाहरण देतो. ती चूक किती मोठी असू शकते, हे जुन्या वर्णनात नीट सांगितलेलंच नव्हतं. कुणी ३२ बिटांत बसवायचं, कुणी ६४ बिटांची सोय करायचं. मुद्दाम वाकडीतिकडी बनवलेली फाइल एका डीकोडरवर वाजायची, दुसऱ्यावर आकडा उतू जाऊन नुसता खरखराट व्हायचा. बरोबर कोण? कोड वाचून हे ठरत नाही, कारण कोड काय करतो एवढंच तो सांगतो. त्यातलं हेतूनं केलेलं कोणतं आणि सहज होऊन गेलेलं कोणतं, हे त्यात लिहिलेलं नसतं. आता मानक सांगतं की ही चूक ३२ बिटांच्या सचिन्ह (धन-ऋण दोन्ही चालणाऱ्या) पूर्णांकात बसलीच पाहिजे आणि त्यातली सगळ्यात लहान ऋण संख्याही वापरायची नाही. एवढ्या एका ओळीसाठी किती जुन्या फाइली तपासल्या गेल्या असतील, किती एन्कोडर चाळले गेले असतील! आधीच्या कुणाची फाइल बेकायदा ठरू नये आणि पुढच्या कुणाचा डीकोडर कोसळू नये, अशी ती रेघ मारायची असते.

ओपसवाल्यांनी मात्र दुसरा निर्णय घेतला. त्यांच्या आरएफसीत सोर्स कोडच प्रमाण आहे. मजकूर आणि कोड यांत फरक आढळला तर कोड बरोबर. तो कोड दस्तऐवजाच्या परिशिष्टातच अक्षरांच्या रूपात भरलेला आहे. यानं संदिग्धता संपते हे मान्य. तरी माझा कल शब्दांत लिहिलेल्या स्पेसिफिकेशनकडेच आहे. कोडमधला बग प्रमाण ठरला की त्याचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आरएफसी ८२५१ काढून ओपसच्या डीकोडरमधल्या काही गोष्टी दुरुस्त कराव्या लागल्याच.

देखभाल म्हणजे फक्त दस्तऐवज नव्हे. मार्च २०१८ मध्ये पोन-टू-ओन या हॅकिंगच्या स्पर्धेत फायरफॉक्स फोडला गेला, तो लिबव्हॉर्बिस या व्हॉर्बिसच्या मूळ लायब्ररीतल्या एका चुकीतून. डीकोडर ठरलेल्या जागेच्या बाहेर लिहीत होता. मोझिलानं लगोलग दुरुस्ती काढली. ज्या उदार हेडरचं मी वर कौतुक केलं, त्यातली कोष्टकं अनोळखी माणसाकडून येतात, हे लक्षात घेतलं की अशा फॉरमॅटचा डीकोडर लिहिताना किती सावध राहावं लागतं ते कळतं. १.० आवृत्तीनंतर जवळपास सोळा वर्षांनी हे घडलं. सगळ्यांचं लक्ष तोवर नव्या कोडेककडे गेलेलं, पण जुना कोड लाखो यंत्रांत चालूच होता. तो सांभाळायला बहुतेक वेळा दोन-चारच माणसं असतात आणि त्यांनाही दुसरी नोकरी असते.

व्हिडिओचं जग यापेक्षा कितीतरी मोठं आणि पैशाचं. थिओरा, व्हीपी८, आणि मग २०१५ साली मोठ्या कंपन्यांनी मिळून केलेल्या आघाडीतून २०१८ मध्ये आलेला एव्ही१, या सगळ्यांमागे पेटंटचाच धाक आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं. पुण्यात बसून मला अधिक जवळचा वाटतो तो एफएफव्ही१ हा चित्रपट जपायला वापरला जाणारा व्हिडिओ फॉरमॅट. लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुने चित्रपट कायमचे गेले, हे या शहराला ठाऊक आहे. फिल्म निदान उजेडासमोर धरून पाहता येते. डिजिटल प्रतीत एक बिट उलटला तर डोळ्यांना काय कळणार? एफएफव्ही१ च्या तिसऱ्या आवृत्तीत म्हणून प्रत्येक चौकटीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला स्वतःचा चेकसम (बिघाड पकडणारा ताळ्याचा आकडा) देता येतो. बिघाड झाला तर कुठल्या चौकटीच्या कुठल्या कोपऱ्यात, हे नेमकं सांगता येतं. चित्राचा एक कणही न सोडणाऱ्या या फॉरमॅटचं वर्णन ऑगस्ट २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ म्हणून प्रसिद्ध झालं. चित्रपट जपणाऱ्या संस्थांनी फॉरमॅट निवडताना आधी 'याचं वर्णन कुणालाही वाचता येतं का' हे विचारावं आणि मगच बाकीच्या गोष्टी, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

सध्या मी आणि दोन मित्र एका वेगळ्या कामाला लागलोय. कोडेक तपासताना जगभर वापरले जाणारे नमुने पाहिले, तर युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची प्रसिद्ध सीडी घ्या: त्यात कॅस्टनेट्स आहेत, ग्लॉकनस्पील आहे, सोप्रानो आणि टेनर आहेत, बोलणं इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन. ज्या आवाजावर एन्कोडर पारखला जातो, त्याच आवाजासाठी तो सुधारतो. म्हणून आम्ही आपल्याकडचे आवाज गोळा करतोय: चिपळ्या, टाळ, संबळ, जुळवलेल्या तानपुऱ्यांची जोडी, ओवी, भरभर बोललं जाणारं मराठी. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, फोनमधली 'आवाज स्वच्छ करा' वाली सोय पूर्ण बंद, थेट फ्लॅकमध्ये. कलाकाराची लेखी संमती घेऊनच, आणि कुणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली. पहिल्या खेपेला टिळक रोडजवळच्या एका तबल्याच्या क्लासमध्ये गेलो. तिथल्या गुरुजींना कमी बिटरेटवरचा 'ना' ऐकवला, वेगवेगळे एन्कोडर लावून. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं लक्ष सगळं चाटीवरच आहे. डग्ग्यावर मनगट सरकवलं की घुमारा वर चढतो, तो चढताना मध्येच तुटतोय. ते आधी बघा." पुढच्या रविवारी नुसता डग्गा ध्वनिमुद्रित करायचा आहे.